वाळूची परात की टॉवेलची अक्षरं, मटकी की पाणी: बालवाडीच्या ताईंनी आधी काय घ्यावं?

मे महिना संपत आला की नव्याने बालवाडी हाती घेतलेल्या ताईंचा प्रश्न ठरलेला असतो: "जूनसाठी काय काय आणून ठेवू?" हातात दोन-तीन हजार रुपये, खोली एक, मुलं पंचवीस-तीस आणि मदतीला एक मावशी. बाजारात मात्र रंगीत खोक्यांची रांग लागलेली. मी सोलापूरच्या पूर्व भागात अठरा वर्षं मोठ्या गटाला शिकवते आहे. त्या खोक्यांतलं बरंचसं वापरून पाहिलं, बरंच माळ्यावर गेलं. जे उरलं त्यातलं काय कशापेक्षा बरं, ते इथे लिहिते.

माझी कसोटी आधीच सांगते, म्हणजे माझं मत कुठून येतं ते कळेल. आमच्या वर्गात निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी तेलुगू बोलतात. काहींच्या घरी कन्नड, काहींच्या घरी दखनी. ही मुलं मराठी शाळेत येतात आणि पहिले दोन महिने गप्प बसतात. म्हणून कोणतीही वस्तू हातात घेतली की मी एवढंच बघते: हिच्यामुळे मूल बोलतं का? अक्षरओळख असो नाहीतर विज्ञान, मूल बोललं नाही तर माझ्या लेखी तो उपक्रम फुकट गेला.

अक्षरांसाठी: वाळू, खरखरीत अक्षरं, माती की नावाच्या पाट्या

वाळूची परात सगळ्यांना माहीत आहे. चाळून, धुऊन वाळवलेली वाळू परातीत पसरायची आणि बोटाने गिरवायचं. तिचा मोठा गुण म्हणजे चुकलेलं लगेच पुसता येतं. पाटीवर चूक झाली की काही मुलं पाटी पोटाशी धरून लपवतात. वाळूत तसं होत नाही, परात हलवली की झालं. पण वाळू बोटाला वाट दाखवत नाही. मूल 'ग' खालून वर काढेल, नाहीतर आधी दंड ओढून मग गाठीकडे येईल, आणि वाळू त्याला काहीच सांगणार नाही. म्हणजे ताईला शेजारी बसावंच लागतं आणि एका वेळी पाच-सहा मुलंच घेता येतात. वाळूऐवजी रांगोळी घेऊ नका. मी सुरुवातीला घेतली होती. एकाने फुंकर मारली आणि दोघींच्या डोळ्यांत गेली. तो दिवस डोळे धुण्यातच संपला. मीठ पावसाळ्यात ओलं होऊन परातीला चिकटतं. रवा वापरला तर आया नाराज होतात, आणि त्यांचं खरंच आहे.

खरखरीत अक्षरांची कल्पना इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरीबाईंची. १९०७ साली रोममध्ये त्यांनी 'बालगृह' नावाची पहिली बालशाळा उघडली, आणि पॉलिश पेपरची अक्षरं आजही त्यांच्याच पद्धतीची म्हणून ओळखली जातात. दोन बोटं अक्षरावरून फिरवायची आणि त्याच वेळी तोंडाने त्याचा आवाज काढायचा. इथे बोटाला वाट सापडते, वाळूत नेमकी तीच उणीव असते. तयार संच महाग पडतो. घरी करायचा तर पॉलिश पेपर अगदी बारीक दाण्याचा घ्यावा लागतो, नाहीतर चार वर्षांच्या बोटांना ओरखडे येतात.

आपल्या गावात याला एक चांगला पर्याय आहे, तो मला उशिरा सुचला. सोलापूर हे चादरींचं आणि टर्किश टॉवेलचं गाव. जुना, धुऊन कडक झालेला टॉवेल घ्या. त्यातून वीतभर उंचीचं अक्षर कापा आणि फेविकॉलने पुठ्ठ्यावर चिकटवा. बोटाला तो चांगला जाणवतो, पण टोचत नाही. अक्षर लहान केलं तर मात्र कडा सुटतात आणि आठवड्यात दंड गळून पडतो, म्हणून वीतभर हवंच. पुठ्ठ्यावर सुरुवातीच्या जागी लाल टिकली लावा. बोट कुठून निघणार ते मुलाला न विचारता कळतं. टॉवेल आणि पॉलिश पेपर यांत मी डोळे मिटून टॉवेल घेईन. टॉवेल आणि वाळू यांत पहिले तीन महिने टॉवेल आणि दिवाळीनंतर वाळू, कारण तोपर्यंत हाताला वाट ठाऊक झालेली असते आणि मुलाला आठवणीतून काढून बघायचं असतं.

कोणती अक्षरं आधी, हाही निवडीचाच भाग आहे. तक्ता 'अ'पासून सुरू होतो म्हणून आपणही तिथूनच सुरू करतो, पण 'अ' काढायला अवघड. त्यापेक्षा र, ग, म, न घ्या. या चारांतून लगेच शब्द होतात: मगर, नगर, गगन, मन. शब्द वाचता आला की मुलाचा चेहरा बघण्यासारखा होतो, आणि तो दिवस सप्टेंबरपर्यंत लांबवायचं काही कारण नाही.

मातीची अक्षरं मी अक्षरांसाठी घेत नाही. मुलाचं सगळं लक्ष वळी वळण्यात जातं, आवाज बाजूला राहतो. बोटांत ताकद यायला माती उत्तम, त्यासाठी जरूर ठेवा.

नावाच्या पाट्यांना खर्च जवळजवळ नाही. पुठ्ठ्यावर प्रत्येकाचं नाव, वर भोक, भोकात दोरा. सकाळी आल्यावर आपली पाटी शोधून खुंटीला अडकवायची, तीच हजेरी. या चार प्रकारांत मुलाच्या जिव्हाळ्याचं अक्षर फक्त इथे आहे. एका वर्षी माझ्याकडे 'श्र'ने सुरू होणाऱ्या तीन मुली होत्या. रोज अदलाबदल, रोज रडारड. मग त्यांनीच शोधलं की शेवटी बघायचं, सुरुवातीला नाही. नाव शेवटपर्यंत बघायला मी शिकवलं नव्हतं. एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

विज्ञानासाठी: दाणे, पाणी की सावली

रंगीत फेस उसळणारा ज्वालामुखी स्नेहसंमेलनाला ठीक आहे. त्यात खायचा सोडा आणि व्हिनेगर ताईच ओतते आणि मुलं बघतात. लोहचुंबकाचे छोटे तुकडे तर बालवाडीत नकोतच. दोन तुकडे गिळले गेले तर आतड्यात एकमेकांना चिकटतात आणि जिवावर बेतू शकतं.

पाण्याचा खेळ विचाराला सगळ्यात जास्त खाद्य देतो. घमेल्यात पाणी, आणि आधी विचारायचं: हे तरंगेल की बुडेल? "जड बुडतं" असं मुलं ठामपणे सांगतात. मग लाकडाचा मोठा ठोकळा तरंगतो आणि बोटाएवढा खडा तळाशी जातो. सालीसकट मोसंबी तरंगते. तीच सोलून सोडली की सहसा बुडते, कारण सालीत हवा धरून ठेवलेली असते. मातीचा गोळा बुडतो, त्याच गोळ्याची वाटी केली की तरंगते. पाच वर्षांचं मूल वाटीकडे आणि गोळ्याकडे आळीपाळीने बघत बसतं, तेव्हा त्याला मध्येच काही समजावू नये. अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. ज्या बालवाडीत प्यायचं पाणी पिंपात भरून ठेवावं लागतं, तिथे घमेलंभर पाणी खेळायला काढताना मावशीचा जीव कासावीस होतो. म्हणून मी हा खेळ पाण्याच्या दिवशीच घेते, एका वेळी सहा मुलं, आणि तेच पाणी नंतर झाडांना. वर्गात तीसच्या वर मुलं असतील आणि मावशीही नसेल, तर हा नाद सोडा.

मोठ्या वर्गाला सावली परवडते. खडू आणि अंगण एवढंच लागतं. सकाळी नऊला जोडीदाराच्या पावलांभोवती आणि सावलीभोवती रेघ ओढायची, अकराला त्याच पावलांवर उभं राहून बघायचं. सावली सरकलेली असते, आखूड झालेली असते. "माझी सावली कुणी नेली?" हा प्रश्न मी दर वर्षी ऐकते. पण जून ते सप्टेंबर ढगांचा भरवसा नाही आणि मार्चनंतर आपल्या उन्हात अंगणात मुलं उभी करणं बरोबर नाही. म्हणजे खरा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. सोलापुरात शून्य सावलीही होते: मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या अगदी सुरुवातीला दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली दिसेनाशी होते. मेमध्ये सुट्टी, ऑगस्टमध्ये ढग. तरी ऑगस्टमध्ये एखाद्या वर्षी ऊन पडलंच तर मोठ्या गटाला काठी दाखवा.

आता दाणे. काचेच्या पेल्यात ओल्या जुन्या सुती कापडाची सैल गुंडाळी ठेवायची आणि कापड व काच यांच्या मधे दाणे सरकवायचे. एका बाजूला मटकी, दुसऱ्या बाजूला जोंधळा. पाणी लागतं चमचा-दोन चमचे. मटकीला दुसऱ्याच दिवशी पांढरं शेपूट फुटतं. जोंधळा एखादा दिवस जास्त घेतो, आधी मूळ खाली सोडतो आणि मग सुईसारखं एकच टोक वर काढतो. मटकी तशी येत नाही. ती मान वाकवून, डोक्यावर डाळीच्या दोन फाका घेऊन उठते. एका पेल्यात दोन तऱ्हा शेजारी शेजारी दिसतात, म्हणून मी एकटी मटकी कधीच लावत नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एक मुलगा जूनपासून एक शब्द बोलला नव्हता. पेल्याला नाक लावून त्याने बघितलं आणि म्हणाला, "जोन्नलु." शेजारची म्हणाली, "जोळ." मावशी दारातून म्हणाली, "अगं, जोंधळा तो." आणखी एकाने "जवारी" म्हटलं. तेलुगू, कन्नड, मराठी आणि दखनी, चारही शब्द मी फळ्यावर एकाखाली एक लिहिले. 'ज्वारी' मुद्दाम लिहिलं नाही, अर्धा 'ज' त्या वयाला नको. थोडा वेळ शांतता. मग तोच मुलगा उठला, फळ्याशी गेला आणि चारही 'ज'वरून बोट फिरवून आला. कानाला तो 'ज' वेगवेगळा लागतो, जोंधळ्यातला 'जहाज'सारखा आणि जोळमधला 'जीभ'सारखा. डोळ्याला मात्र एकच. त्या दिवशी वर्गातल्या चारही घरांच्या भाषा एका अक्षरात बसल्या. टॉवेलचा 'ज' मी दुसऱ्या दिवशी कापला.

म्हणून तिन्हींत मी दाणे पहिले ठेवते. पाण्यात विचार जास्त आहे, सावलीत सोय जास्त आहे, पण दाण्यांत आठवडाभर रोज सांगण्यासारखं काहीतरी असतं. शिवाय दाणा मुलाच्या घरातला असतो, त्याचं नाव त्याला त्याच्या भाषेत आधीच येत असतं.

काळजी मात्र घ्यायची. दाणे घरच्या डब्यातले घ्या. पेरणीच्या पिशवीतल्या रंगीत बियाण्याला औषध चोळलेलं असतं, ते मुलांच्या हातात नको. प्रत्येकाला मोजून पाच दाणे द्या आणि मोजून परत घ्या. माझ्या वर्गात एकदा मटकी नाकात गेली. आम्ही काडी-चिमटा काही घातला नाही, सरळ डॉक्टरांकडे नेलं, तेच बरोबर ठरलं. गुंजा सुंदर दिसतात पण विषारी आहेत, वर्गात आणूच नका. जोंधळ्याचे कोंब कुणाला चाखू देऊ नका. कोवळ्या ज्वारीचा पाला गुरांना बाधतो हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला माहीत असतं, तोच विषारी अंश कोंबांतही असतो.

विकतचा संच की गावातलं सामान

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये 'जादुई पिटारा' आणला. त्यात खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रपत्रं, गोष्टी आहेत. तुमच्यापर्यंत आला तर जरूर वापरा, चित्रपत्रं विशेषतः. पण त्याची वाट बघत जून घालवू नका. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डी गावात काम सुरू केलं, तेव्हा मॉन्टेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून शंख-शिंपले, खडे, पानं, बिया हाताशी घेतल्या. आपल्याकडे शिंपले नाहीत, पण मागांवरचे रिकामे पुठ्ठ्याचे कोन आहेत, सुताच्या गुंड्या आहेत, चिंचोके आहेत, कडबा आहे. कोनांची चवड लावताना मुलं जितकी बोलतात तितकी विकतच्या ठोकळ्यांशी बोलत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

पालक विचारतील, "वही कधी भरणार?" २०२० च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा धरला आहे आणि त्यात खेळातून शिकण्यावर भर आहे, हे सांगा. पण धोरणाने आईचं समाधान होत नाही. तिला पेला दाखवा. शेजारी मुलाने काढलेलं कोंबाचं चित्र आणि खाली त्याने सांगितलेला शब्द त्याच्यासमोर लिहिलेला. माझ्याकडची एक आई विडी वळते, तिला लिहिता येत नाही. तिने त्या कागदावरच्या 'ज'वर बोट ठेवून मुलाला विचारलं, हे काय? त्याने सांगितलं. वहीचा प्रश्न तिने पुन्हा काढला नाही.

आणि दाणे भिजवायचे ते सोमवारी सकाळी, मुलांच्या हातून. मंगळवारी पेल्यात लावायचे. बुधवारी मटकी, गुरुवारच्या सुमाराला जोंधळ्याचं मूळ, शनिवारपर्यंत हिरवं टोक. गुरुवारी भिजवले तर सगळी मजा रविवारी बंद खोलीत होते आणि सोमवारी वाळलेलं कापड हाती येतं.