गोलकीपर पोरीनं परदेशी जावं की इथंच खेळावं?

नागपुरात उन्हाळ्यात सकाळी सहालाच सराव उरकावा लागतो. माझी भाची सतरा वर्षांची, फुटबॉलमधली गोलकीपर. मुरमाड मैदानावर डाइव्ह मारून तिची कोपरं कायम सोललेली असतात. परवा तिनं विचारलं, "मावशी, बाहेर जाऊ का गं?"

बाहेरची वाट भारताची माजी गोलकीपर अदिती चौहाननं दाखवली. ती इंग्लंडमध्ये लफबरो विद्यापीठात शिकायला गेली आणि 2015 मध्ये वेस्ट हॅम या लंडनच्या क्लबच्या महिला संघात दाखल झाली. हाताशी पदवी राहते, हे मला फार मोलाचं वाटतं. पण खर्च डोंगराएवढा!

इथं इंडियन विमेन्स लीग, म्हणजे देशातल्या महिला फुटबॉल क्लबांची स्पर्धा आहे. पहिला हंगाम 2016-17 चा. 2023-24 मध्ये सामने घरच्या आणि प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर झाले, त्यामुळे हंगाम लांबला. सामने खेळायला मिळणं, गोलकीपरसाठी हीच खरी गोष्ट. बाकी खेळाडू शेवटची दहा मिनिटं तरी उतरतात. गोलमध्ये जागा एकीचीच. दुसरी पोरगी हातमोजे घालून वर्षभर बाकावर बसते. 7.32 मीटर रुंद गोलमध्ये कुठं उभं राहायचं, क्रॉसला, म्हणजे बाजूनं गोलसमोर मारलेल्या चेंडूला, पुढं कधी यायचं, हे सामन्यातच कळतं. पैसा मात्र इथं बेताचाच, म्हणून कॉलेज सोडू नये.

अदितीसुद्धा परत आली आणि गोकुलम केरळ या क्लबकडून हीच लीग जिंकली. मी भाचीला सांगितलं, आधी इथं दोन-तीन हंगाम पहिल्या पसंतीची गोलकीपर हो, मग शिष्यवृत्ती मिळाली तर खुशाल जा. तिच्या आईला अजून पटवायचंय.