आधी भरती-ओहोटी, मग हॉटेल: दादरच्या एका अंदमान नियोजन सेवेबद्दल

अंदमानला जायचं ठरलं की मुंबईत साधारण दोन वाटा दिसतात. मोठ्या टूर कंपनीचं पॅकेज घ्या, नाहीतर रात्र-रात्र मोबाइलवर हॉटेलं चाळत बसा. दादर पश्चिमेला एक ताई घरूनच तिसरं काम करतात. अडीच हजार रुपये फी घेऊन तुमच्या कुटुंबापुरता आराखडा करून देतात. हॉटेलचं कमिशन घेत नाहीत, तिकिटं आणि खोल्या आपल्या आपण काढायच्या. डिसेंबरात मी, नवरा, बारा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई असे त्यांच्या आराखड्यावर जाऊन आलो. फी पुरेपूर वसूल झाली, म्हणून सविस्तर लिहितेय.

पहिल्या भेटीत बजेटचा विषय शेवटी निघाला. आधी विचारलं ते हे: गुडघे कुणाचे दुखतात, दमा कुणाला आहे, पोहता कुणाला येतं, घरात उपास कोणते. मग भरती-ओहोटीवर आल्या. सासूबाई मुरुडच्या, त्यामुळे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते हा हिशेब त्यांना तोंडपाठ. ताई म्हणाल्या, "काकू, हा हिशेब आपल्या किनाऱ्याचा. तिथला तक्ता वेगळा." आणि पोर्ट ब्लेअरचा छापील तक्ता त्यांच्यापुढे ठेवला. दोघी त्यावर वाकून बसल्या त्या अर्धा तास.

ह्याचं महत्त्व तिथे गेल्यावर कळतं. नील बेटावरचा भरतपूर किनारा ओहोटीला उघडा पडतो. नुसते दगड आणि प्रवाळ, पोहायचं नावच नको. त्याच बेटावर लक्ष्मणपूरजवळची नैसर्गिक दगडी कमान मात्र ओहोटीलाच नीट गाठता येते. एकाच दिवसात दोन्ही बघायचं तर क्रम चुकवून चालत नाही. आम्ही कमानीकडे गेलो तेव्हा पाणी इतकं मागे हटलेलं की खडकांतल्या डबक्यांत मासे आणि समुद्रकाकड्या दिसत होत्या. मुलगा एकेका डबक्यापाशी उकिडवा बसून राहिला. परतताना वाटेत भरलेल्या गाड्या समोरून येत होत्या आणि पाणी चढायला लागलं होतं. त्या माणसांसाठी खरंच वाईट वाटलं.

ताईंचा आराखडा म्हणजे फुलस्केप कागदावर हाताने आखलेले रकाने: बोट, भरती, सूर्यास्त, जेवण. सूर्यास्ताचा रकाना मुंबईच्या माणसाला फार उपयोगी. घड्याळ आपलंच, पण बेटं इतकी पूर्वेला आहेत की डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. दुपारी जेवून, झोपून, चहा घेऊन समुद्रावर जाऊ म्हणालात तर अंधारच बघाल. हॅवलॉक बेटावरचा राधानगर किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, सूर्यास्तासाठीच माणसं तिथे जातात. आम्हाला तिथे तीनलाच पोचायला सांगितलं होतं. वाळू बारीक, उतार सौम्य. सासूबाईंनी पायावर लाटा घेतल्या, मुलाने मनसोक्त डुंबून घेतलं.

राहण्याबद्दल त्यांचं मत ठाम आहे, आणि मला ते पटलं. हॅवलॉकला समुद्राला लागून असलेल्या रिसॉर्टचे पैसे मोजू नका, गोविंदनगरच्या बाजाराजवळ घरगुती खोली बघा. संध्याकाळी सहानंतर करण्यासारखं काही उरत नाही, तेव्हा चालत जेवायला जाता यावं, औषधाचं दुकान जवळ असावं. आम्हाला रात्रीला दीड हजारात खोली मिळाली. स्वच्छ, मच्छरदाणी, मागे सुपारीची झाडं. गरम पाणी बादलीने मिळायचं आणि दुपारी वीज जायची. ज्यांना हे चालणार नाही त्यांनी ताईंना आधीच स्पष्ट सांगावं.

ह्या बेटांवर फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबं वसवलेली आहेत, त्यामुळे जेवणही बंगाली. मोहरीच्या तेलातला मासा सासूबाईंना पहिल्या दिवशी जड गेला. मार्गशीर्षातला गुरुवार मध्येच येत होता, म्हणून ताईंनी साबुदाणा घरूनच न्यायला सांगितलं होतं. घरमालकीण काकूंनी शेंगदाणे भाजून दिले, चूल मोकळी करून दिली, आणि सासूबाईंनी केलेली खिचडी दोन्ही घरांनी खाल्ली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी निघताना काकूंनी सासूबाईंच्या पिशवीत सुपाऱ्या भरल्या.

खोलीत वाचवलेला पैसा स्कुबासाठी ठेवायचा, असा ताईंचा हिशेब. माणशी चार हजारांच्या आसपास खर्च येतो. पोहता येत नसलं तरी चालतं, प्रशिक्षक पूर्ण वेळ धरून असतो. दमा, हृदयविकार, कानाचे त्रास फॉर्ममध्ये खरेखरे लिहायचे. खाली जाताना कानात दडे बसतात, तेव्हा नाक चिमटीत धरून हळूच हवा फुंकायची. किनाऱ्यावर उथळ पाण्यात माझ्या मुलाकडून हे पाच-सहा वेळा करून घेतलं, मगच पुढे नेलं. स्कुबानंतर लगेच विमानात बसू नये, चोवीस तासांचं अंतर ठेवलेलं बरं. म्हणून स्कुबा सहलीच्या सुरुवातीला घातलेली होती. ही काळजी सगळेच घेतात असं नाही. प्रवाळाचा तुकडा उचलू नका, तो कायद्याने गुन्हा आहे, हेही कागदावर लाल शाईत लिहिलेलं.

पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम) अ‍ॅबरडीन बाजारात मुक्काम होता. खोली रस्त्यावरची, रात्री गोंगाट फार. पण सेल्युलर जेल चालत जाण्याजोगं, आणि त्यासाठी मी गोंगाट सोसेन. 1906 मध्ये पुरं झालेल्या ह्या तुरुंगाच्या सात इमारतींपैकी आज तीनच उभ्या आहेत. एका रांगेतल्या कोठडीच्या दारातून पुढच्या रांगेची फक्त पाठ दिसते, म्हणजे कैद्याला कैदी दिसू नये. सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर, टोकाला. सासूबाई दर जिन्याला थांबत, श्वास घेत वर गेल्या. ताईंनी सकाळचा अख्खा वेळ ह्या एकाच जागेला दिला होता, तो त्या जिन्यांसाठीच.

आता तक्रार. परतीच्या बोटीची वेळ आदल्या रात्री बदलली आणि ताईंचा फोन लागला नाही. घरमालकांनी जेट्टीवर जाऊन चौकशी केली म्हणून निभावलं. ताई एकट्याने काम करतात हे कळतं, पण लोक समुद्रापलीकडे असताना दुसरा एखादा नंबर हवाच. मी त्यांना हे समोर बसून सांगितलंय. शिवाय सरकारी बोट स्वस्त असली तरी पर्यटकांना तिची तिकिटं सहज मिळत नाहीत, आराखड्यात दोन्ही फेऱ्या सरकारी धरल्या होत्या. आम्हाला जाताना खासगी बोट घ्यावी लागली आणि खर्च वाढला. हा फरक आधीच धरून दाखवायला हवा.

डिसेंबर-जानेवारीत जायचं असेल तर गणपतीनंतर लगेच त्यांच्याकडे जा, दिवाळीनंतर स्वस्त खोल्या उरत नाहीत. लक्षद्वीपचं काम त्या घेत नाहीत, तिथे प्रवेश परवाना लागतो आणि तेवढी धावपळ एकटीने जमत नाही असं त्या स्वच्छ सांगतात.