कुलूप खरं होतं, तिकीट खोटं निघालं

2023 च्या मे महिन्यात आई-बाबांना केदारनाथला न्यायचं ठरलं. बाबांच्या गुडघ्यांना गौरीकुंडापासूनची चढण झेपणारी नव्हती, म्हणून गुप्तकाशीहून हेलिकॉप्टर. सर्चमध्ये वर दिसलेल्या साइटवर पैसे भरण्याआधी माझ्या भावाने ॲड्रेस बारमधलं कुलूप उघडून सर्टिफिकेट, म्हणजे साइटचं डिजिटल ओळखपत्र, वाचलं. मुदत शिल्लक होती, देणारी संस्था जगभर मान्य होती, नाव साइटच्या पत्त्याशी जुळत होतं. चौघांचे 31 हजार यूपीआयने गेले. क्यूआर कोड असलेलं तिकीटही आलं. हेलिपॅडवर ते स्कॅन झालं तेव्हा कळलं, असं बुकिंगच नाही. बाबांनी तिथूनच डोंगराकडे बघून हात जोडले.

'कुलूप दिसलं की साइट सुरक्षित' हे वर्षानुवर्षं लोकांच्या मनावर ठसवलं गेलं, याची मला खरी चीड आहे. त्या सर्टिफिकेटमधून दोनच गोष्टी कळतात: तुमची माहिती वाटेत कुणी वाचू शकत नाही, आणि ती त्याच डोमेनकडे, म्हणजे बारमध्ये दिसणाऱ्या साइटच्या पत्त्याकडे, जाते आहे. डोमेन चोराचं असेल तर माहिती सुखरूप चोराकडे पोहोचते. साधं सर्टिफिकेट देताना संस्थेचं यंत्र एवढंच बघतं, की मागणाऱ्याचा त्या डोमेनवर ताबा आहे का. काही मिनिटांचं काम, आणि बऱ्याच ठिकाणी फुकट. धंदा खरा आहे का, हे कुणी विचारत नाही. पुढे सप्टेंबर 2023 मध्ये क्रोमने ते कुलूपच काढलं, कारण लोक त्याचा भलताच अर्थ घेत होते.

देणाऱ्या संस्थाही चुकतात. 2011 मध्ये नेदरलँड्सच्या डिजिनोटारमध्ये हॅकर घुसले, गूगलच्या नावाची बनावट सर्टिफिकेटं निघाली, आणि त्यांच्या आधारे इराणमधल्या लोकांवर पाळत ठेवली गेली. 2014 मध्ये आपल्याकडे एनआयसी या सरकारी संगणक-सेवा संस्थेच्या यंत्रणेतूनही गूगलच्या डोमेनची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाली होती. पण असं क्वचित घडतं. आम्हाला लुबाडलं ते नियमाप्रमाणे मिळालेल्या सर्टिफिकेटने.

केदारनाथ हेलिकॉप्टरचं अधिकृत ऑनलाइन बुकिंग आयआरसीटीसीच्या हेलियात्रा साइटवर होतं. पत्ता सरकारी सूचनेत बघून स्वतः टाइप करा, जाहिरातीतल्या लिंकवर जाऊ नका. पैसे कुणा व्यक्तीच्या नावावर जाताना दिसले तर तिथेच थांबा. फसलात तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, म्हणजे रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता राहते. आमची तक्रार गेली ती हेलिपॅडवर पोहोचल्यावरच, तोवर ते खातं रिकामं झालं होतं.