पेन्सविकची थडगी आणि आमची चाळीस मिनिटे

नौपाड्यातील एका सहल कंपनीबरोबर गेल्या सप्टेंबरात आम्ही उभयतांनी इंग्लंडची सहल केली. निघण्यापूर्वीच्या बैठकीत ग्लॉस्टरशायरमधील पेन्सविक गावच्या सेंट मेरीज चर्चचे आवार कार्यक्रमात असल्याचे कळताच एका काकूंनी, "एवढे पैसे भरून स्मशान कशाला बघायचे?" असे विचारले होते. तरीही कंपनीने ते ठिकाण वगळले नाही, याबद्दल तिचे कौतुक करायला हवे.

लोकरी कापडाच्या व्यापारावर सधन झालेल्या येथील कुटुंबांनी सतराव्या-अठराव्या शतकांत आपल्या माणसांसाठी पेटीसारखी, तर काही थेट उभ्या चहाच्या डब्यासारखी दगडी थडगी घडवून घेतली. त्या भागातला चुनखडीचा दगड खाणीतून निघताना मऊ असतो आणि हवा लागल्यावर टणक होत जातो. आपल्या अंबरनाथच्या काळ्या पाषाणावर छिन्नी चालवणाऱ्यांना हेवाच वाटला असता. एका थडग्याच्या कोपऱ्यावरील गुबगुबीत देवदूताचे नाक पावसाने झिजून सपाट झाले होते, पण पंखांतील पिसे अजून मोजता येत होती आणि गालावर नारिंगी दगडफूल पसरले होते, आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचेच भाऊबंद. यातील अनेक थडगी घडवणाऱ्या ब्रायन घराण्यातील जॉन ब्रायन १७८७ मध्ये वारला; त्याचे स्वतःचे थडगे मात्र पिरॅमिडच्या आकाराचे आहे.

हे सारे पाहायला मिळाली चाळीस मिनिटे, त्यातली दहा स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली. त्याच दिवशी खरेदीला तीन तास होते. टूर मॅनेजर उत्साही आणि वागायला अत्यंत नम्र, परंतु त्यांनी "मृतदेह या पेटीतच आहे" असे सांगितले, ते चूक आहे. पेटी पोकळ असते आणि दफन तिच्याखाली जमिनीत केलेले असते. आमच्यातील एक गृहस्थ फोटोसाठी थडग्यावर चढून बसले, तेव्हाही त्यांना कोणी हटकले नाही. थडग्याच्या दगडांचे अडीचशे वर्षांपूर्वीचे सांधे ते, भाराने निखळायचे.

परतल्यावर कार्यालयात तक्रार केली, तेव्हा पुढील तुकडीला दीड तास देऊ, असे तोंडी सांगण्यात आले. जाणाऱ्यांनी ते बैठकीतच लेखी घ्यावे आणि ओल्या गवतासाठी न घसरणारे बूट न्यावेत.