शटर काउंट १८,०००, आणि कॅमेरा तरी बाद

विदर्भातल्या कारंजा-दारव्हा पट्ट्यातल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरला मागच्या सिझनमध्ये जो गंडा बसला, त्यात त्याला सांगितलेला शटर काउंट, म्हणजे शटर किती वेळा चाललं तो आकडा, अगदी खरा होता. म्हणूनच तो प्रकार इथे सविस्तर लिहून ठेवतो आहोत. जुना डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) काढून बिनआरशाच्या मिररलेसवर जाणाऱ्यांची आपल्याकडे सध्या रीघ लागली आहे आणि त्यातले बहुतेक जण सेकंड हँड बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घेताना एकच प्रश्न विचारतात, शटर किती झालं? फसवणारेही नेमकं तेवढंच उत्तर तयार ठेवून बसलेत.

व्यवहार असा ठरला होता. याच्याकडे निकॉनचा डीएसएलआर डी७५० आणि तीन लेन्सा: २४-१२० एफ ४, ८०-२०० एफ २.८ डी आणि ५० एमएम १.८ डी. जुने कॅमेरे बदलून देणाऱ्या एजंटाने या सगळ्याचे ५५,००० धरले. बदल्यात मिररलेस सोनी ए७ थ्री आणि टॅमरॉन २८-७५ एफ २.८ लेन्स, किंमत १,०५,०००. वरचा फरक ५०,०००, त्यातले २०,००० टोकन म्हणून यूपीआयने आधी. जुना सेट "चेक करायला" ट्रॅव्हल्सच्या पार्सलने पुढे पाठवायचा आणि सोनी घेऊन एजंटाचा मुलगा कारंजाच्या बस स्टँडवर येणार. मुलगा आला, पण तीन वेळा उशीर करत दिवेलागणीनंतर. दुसऱ्या दिवशी सकाळी हळदीची ऑर्डर. बॉडी चकचकीत, स्क्रीनवर नवा गार्ड, फोटो निघतोय, फोकस पकडतोय. उरलेले ३०,००० रोख देऊन मोकळा झाला.

हळदीच्या फोटोंमध्ये पांढऱ्या मांडवाच्या कापडावर वरपासून खालपर्यंत एक बारीक गुलाबी रेघ आली. प्रत्येक फोटोत त्याच जागी. बाजूला दोन ठिपके. दुपारी एचडीएमआय केबल लावली तर मॉनिटरवरचं चित्र हात लागला की जायचं. एजंटाला फोन केला तेव्हा त्याचं उत्तर तयार होतं: "भाऊ, शटर तर अठराच हजार हाये ना? मंग खोटं काय सांगतलं मी?" नागपूरला दाखवलं तर सेन्सर बदलायला सांगितला आणि त्याचं एस्टिमेट बॉडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त निघालं. तोवर डी७५० तिसऱ्याच माणसाला विकला गेला होता.

आता हे घडलं कसं ते नीट समजून घ्या.

शटर काउंट म्हणजे यांत्रिक शटरचे पडदे किती वेळा चालले त्याचा आकडा. डीएसएलआरच्या काळात तो मोजमाप म्हणून ठीक होता, कारण त्या कॅमेऱ्याने काम म्हणजे मुख्यतः फोटोच. डी७५० चं शटर कंपनीने १,५०,००० वेळांसाठी तपासलेलं, ए७ थ्रीचं २,००,००० साठी. पण व्हिडिओ चालू असताना शटर उघडंच राहतं, पडदे हलत नाहीत. ए७ थ्री एका दमात सुमारे २९ मिनिटांची क्लिप घेतो. अशा दहा क्लिप घेतल्या तरी काउंट जागचा हलल्यासारखा दिसत नाही. लग्नाचं लाइव्ह, कीर्तन सप्ताहाचं चित्रीकरण, प्रचारसभा, यात दोन-तीन वर्षं रोज पाच-सहा तास तापलेली बॉडी १८,००० काउंट दाखवते, आणि ते खरंच असतं. सेन्सर, एचडीएमआय पोर्ट, बॅटरीचं दार, ट्रायपॉडचा आटा, सगळं झिजलेलं असतं. फक्त शटर नवं असतं.

रेघेचं कारण वेगळं, आणि आपल्या भागात ते फार वाढलंय. वरातीतल्या डीजेवरची लेझर. डीएसएलआरमध्ये क्लिक करेपर्यंत सेन्सरच्या पुढे आरसा आणि बंद शटर असतं, त्यामुळे लेझर लेन्सवर आली तरी सेन्सरपर्यंत पोचायला ती नेमकी फोटोच्या क्षणी यावी लागते. मिररलेस चालू असला की सेन्सर सतत उघडा. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारं चित्र तोच सेन्सर देत असतो. लेझरचा झोत क्षणभर सरळ आत आला की काही पिक्सेल जळतात, कधी त्यांच्यामुळे अख्खी आडवी किंवा उभी ओळ बिघडते. गडबडीच्या फोटोत, नक्षीच्या साडीवर ती रेघ लपून जाते. एकसारख्या रंगावर ती उघडी पडते. म्हणून विकणारा नमुना म्हणून जे फोटो पाठवतो, त्यात मांडव, आभाळ, भिंत क्वचितच असते.

घेताना तपासणीला पाऊण तास लागतो. तेवढा वेळ देत नसेल, तर त्या माणसाकडून घेऊ नका. बस स्टँड, हॉटेल, गाडीचं बॉनेट ही तपासायची जागाच नव्हे. उजेडात, शक्यतो स्टुडिओत बोलवा. आपली दोन कार्डं, आपली चार्ज केलेली बॅटरी, एचडीएमआय केबल, मॉनिटर आणि लॅपटॉप सोबत ठेवा.

लेन्सला टोपण लावून आयएसओ १००, ८०० आणि ३२०० वर काळे फोटो घ्या. मग टोपण काढून पांढऱ्या भिंतीचे, लेन्सचं छिद्र मोठं (एफ ५.६) आणि लहान (एफ १६) ठेवून, फोकस जाणूनबुजून बिघडवून. एफ १६ वर दिसणारे धूसर काळे डाग धुळीचे, ते साफ होतात. एफ ५.६ वरही तितकीच ठळक राहणारी रंगीत रेघ किंवा ठिपका सेन्सरचा. फोटो कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर नका पाहू, लॅपटॉपवर पूर्ण मोठे करून पाहा. त्यानंतर ४के व्हिडिओ लावून द्या आणि पूर्ण क्लिप होऊ द्या. तेवढ्या वेळात कागदपत्रं बघा. क्लिप संपल्या संपल्या पुन्हा टोपण लावून काळा फोटो घ्या. तापल्यावर पांढरे-लाल ठिपके किती वाढतात ते इथे कळतं. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशांत मांडवात उभं राहायचं असतं, त्यामुळे थंड खोलीतला निकाल पुरेसा नाही.

एचडीएमआय केबल लावून मॉनिटर चालू ठेवा आणि कनेक्टर बोटाने हळूच चारी बाजूंना हलवा. ए७ थ्रीला मायक्रो एचडीएमआय आहे, ते पोर्ट नाजूक आणि व्हिडिओवाल्याच्या हातात सगळ्यात आधी तेच जातं. तळाची पाटी बघा: गिंबलची (कॅमेरा स्थिर धरायच्या दांडीची) प्लेट रोज काढ-घाल केलेली असेल तर आट्याभोवती गोल घासल्याच्या खुणा असतात. वरच्या हॉट शूचा (फ्लॅश बसवायच्या खाचेचा) रंग उडालेला, पण शटर १८,०००? मग हा कॅमेरा माइक किंवा रिसीव्हर लावून फिरलेला आहे. दोन्ही कार्ड स्लॉटमध्ये लिहून-वाचून बघा, कारण बहुतेक जण पहिलाच तपासतात. बंद बॉडी हलवल्यावर आतून हलकासा आवाज आला तर घाबरू नका, स्टॅबिलायझेशनवाला (हादरा सावरणारा) सेन्सर बंद असताना थोडा मोकळाच असतो. त्या आवाजावरून भाव पाडणारेही भेटतील, उलट बाजूने.

काउंट तरीही बघायचाच, पण आपल्या हाताने. विकणाऱ्याने व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या फोटोवरून नाही. साधा फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअॅप आतली माहिती काढून टाकतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर माहिती राहते, पण तो फोटो याच बॉडीचा कशावरून? आपलं कार्ड घाला, आपण फोटो काढा, एक्झिफटूल या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडा. निकॉनच्या मूळ फाइलमध्ये काउंट आणि बॉडीचा सिरीयल नंबर दोन्ही मिळतात. तो नंबर, तळावरचा, बॉक्सवरचा आणि बिलावरचा जुळला पाहिजे. निकॉन झेड घेत असाल तर यांत्रिक शटरचा आकडा वेगळा दिसतो; दोन आकड्यांत खूप अंतर असेल तर ती बॉडी सायलेंट मोडवर, म्हणजे पडदे न हलवता, खूप चाललेली आहे. कॅननच्या बऱ्याच बॉडींत काउंट फोटोत लिहिलेलाच नसतो, यूएसबीने जोडून वेगळ्या सॉफ्टवेअरने वाचावा लागतो. त्यामुळे "हा घ्या कॅननच्या काउंटचा स्क्रीनशॉट" याला काही किंमत देऊ नका.

या व्यवहारात दुसरी थाप अडॅप्टरची होती. सुरुवातीला एजंटाने निकॉनचाच मिररलेस झेड ६ दाखवला होता आणि "एफटीझेड (जुन्या लेन्सा झेडवर बसवायचं अडॅप्टर) लावलं की तुमच्या सगळ्या लेन्सा चालतात" असं सांगितलं होतं. चालतात, पण ८०-२०० डी आणि ५० डी या स्क्रूने फोकस फिरणाऱ्या लेन्सा आहेत. त्यांना बॉडीतली मोटर लागते आणि ती एफटीझेडमध्ये नाही. म्हणजे हाताने फोकस. ज्यांच्या लेन्समध्ये मोटर आहे त्या चालतात. कॅननची डीएसएलआरची ईएफ लेन्स मिररलेस आरएफ बॉडीवर अडॅप्टरने छान चालते, पण लहान सेन्सरसाठीची ईएफ-एस लेन्स लावली की फ्रेम कापली जाते आणि आर६ चे २० मेगापिक्सेल आठच्या आत येतात. फ्लॅशचंही तसंच. निकॉनचा ट्रिगर (फ्लॅश दुरून चालवायचं यंत्र) सोनीवर टीटीएल, म्हणजे फ्लॅशचा उजेड आपोआप ठरवणं, देत नाही, ट्रिगर नवा घ्यावा लागतो, बॅटऱ्याही वेगळ्या. बदलाचा हिशेब बॉडी आणि एका लेन्सवर मांडून देणारा माणूस हा खर्च मुद्दाम बाहेर ठेवतो, म्हणजे सौदा स्वस्त दिसतो.

बिलाकडे वळू. सोनीसोबत पीडीएफ बिल आलं होतं, दुकानाचं नाव, जीएसटी नंबर, सगळं. जीएसटीआयएन १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातल्या दुकानाचा २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तो टाकला की दुकानाचं नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द ते फुकट दिसतं. या बिलावरचा नंबर एका हार्डवेअरच्या दुकानाचा निघाला. दोन मिनिटांचं काम, पण ते टोकन देण्याआधी करायचं. नंबर बरोबर निघाला तरी दुकानाचा फोन स्वतः शोधून बिल क्रमांक सांगून विचारा; बिलावर छापलेल्या मोबाइलवर नको. बाहेरून आणलेल्या मालाच्या बॉक्सवर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपीचं स्टिकर असायला हवं. ते नसेल तर तो पीस बहुधा वॉरंटीबाहेरचा आहे, भाव तसाच करा.

विकतानाची बाजूही तितकीच पोकळ असते. २०२० नंतर निकॉन किंवा कॅननने नवा व्यावसायिक डीएसएलआर काढलेला नाही, भाव घसरत चाललेत आणि विकणाऱ्याची घाई गिऱ्हाइकाच्या लक्षात येते. डी७५० वर "हा रिकॉलवाला पीस" म्हणत एजंटाने आणखी भाव पाडला होता. डी७५० च्या काही पिसांबद्दल निकॉनने फ्लेअर (फोटोत येणारी नको ती चमक) आणि शटरसाठी मोफत दुरुस्ती जाहीर केली होती, हे खरं. पण फ्लेअरची दुरुस्ती झालेल्या पिसाच्या ट्रायपॉडच्या भोकात काळा ठिपका असतो. तो दाखवला की तो मुद्दा संपतो. भोकात टॉर्च मारून बघायचं इतकंच.

माल आधी, पैसे नंतर, हे कधीच नाही. ट्रॅव्हल्सच्या पार्सलवर भाडं वाचवायला "कपडे" लिहितात, मग हरवलं तर मागायला तोंड राहत नाही. खरी किंमत लिहून विमा काढता येईल अशा मार्गानेच पाठवा आणि भरताना सिरीयल नंबर दिसेल असा अखंड व्हिडिओ घ्या, कारण "खराब निघाला" म्हणत दुसरीच जुनी बॉडी परत पाठवणारे आहेत. पैसे आले का ते स्क्रीनशॉटवर नाही, आपल्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघून ठरवा. "टाकून रायलो ना भाऊ, सर्व्हर डाऊन हाये" म्हणणाऱ्यासमोर बॅग परत भरायला संकोच कशाला? पैसे घ्यायला पिन लागत नाही. यूपीआयची सर्वसाधारण मर्यादा दिवसाला एक लाख असते, तेव्हा त्यावरच्या सौद्यात "बाकीचे उद्या" येणारच; अशा वेळी आयएमपीएस किंवा एनईएफटी सांगा, एनईएफटी आता चोवीस तास चालते. आणखी एक: समोरचा माणूस एक आणि पैसे तिसऱ्याच्याच खात्यातून, असं असेल तर पैसे परत करून सौदा मोडा. ते पैसे कुठल्यातरी सायबर फसवणुकीतले निघाले तर परराज्यातल्या पोलिसांच्या पत्रावर आपलं खातं गोठतं आणि सिझनच्या तोंडावर ते सोडवायला फिरावं लागतं.

भाड्याने घेतलेला कॅमेरा विकून टाकण्याचे प्रकारही होतात. मोबाइलसारखा आयएमईआय कॅमेऱ्याला नाही, तो ब्लॉक होत नाही, म्हणून हा माल सहज फिरतो. पण मूळ मालक सिरीयल नंबर घेऊन आला तर कॅमेरा जप्त होतो आणि आपले पैसे बुडतात. हप्त्यावर घेतलेली बॉडी असेल तर फायनान्सचं एनओसी मागा.

फसलोच, तर १९३० ला लगेच फोन, त्याच तासात. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधीच अडवता येतात. ऑनलाइन तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर. ठाण्यात "हा आपसातला व्यवहार, दिवाणी आहे" असं ऐकायला मिळेल. कारंजाच्या प्रकरणातही मिळालं. तेव्हा तोंडी कहाणी सांगू नका. चॅट, टोकनचा यूटीआर (बँक व्यवहाराचा) नंबर, ट्रॅव्हल्सची पावती, खोट्या जीएसटी नंबरचा पोर्टलवरचा प्रिंट आणि सिरीयल नंबर लावून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. खोटं बिल हा त्यातला सगळ्यात पक्का कागद, कारण फसवायचा हेतू तिथे दिसतो. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे. १ जुलै २०२४ आधीच्या व्यवहाराला जुनं ४२०.

व्यवहार ओळखीचा असला तरी एका कागदावर चार ओळी लिहून घ्या: बॉडी आणि लेन्सचे सिरीयल नंबर, दोघांच्या ओळखपत्राची झेरॉक्स, "व्हिडिओ किंवा लाइव्हसाठी वापर: होय / नाही", आणि सेन्सरवर रेघ वा ठिपका निघाल्यास सात दिवसांत परत. तिसऱ्या ओळीवर सही करायला कोण कचरतो ते बघा. हा सगळा खटाटोप चातुर्मासात करा. तेव्हा लग्नं नसतात, बाजार सुस्त असतो आणि उद्या सकाळी हळद आहे म्हणून कुणी आपल्याला घाई करू शकत नाही.