भिंतीतली केबल आणि माझी सही

आमच्या अनुदानित महाविद्यालयात संगणक विभाग माझ्याकडे आहे आणि कॅम्पसचं नेटवर्कही. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती यायची होती, म्हणून जुनं वायरिंग काढून नेटवर्कची नवीन कॅट-सिक्स केबल टाकायचं ठरलं. एकूण 112 पॉइंट, म्हणजे नेटवर्कच्या जोडण्या. तीन कोटेशनं आली, तुलनात्मक तक्ता झाला, खरेदी समितीच्या सह्या झाल्या, सगळं रीतसर. ज्या ठेकेदाराला काम मिळालं त्याने कोटेशनसोबत केबलचा वीतभर तुकडा जोडला होता. तो अस्सल तांब्याचा होता. फसवणूक तिथूनच सुरू झाली, हे आज कळतं.

काम उन्हाळ्याच्या सुट्टीत झालं. पहिले दोन दिवस मी प्रयोगशाळेत उभी राहून केबल ओढताना बघत होते. पुढे परीक्षेच्या कामाला लागले आणि ग्रंथालय, कार्यालय, वसतिगृहाकडे कुणीच फिरकलं नाही. शेवटी तो कामपूर्तीचा दाखला घेऊन आला. "मॅडम, बिल पेंडिंग आहे, सही झाली की मोकळे होऊ." सोबत टेस्ट रिपोर्टचा जाडजूड गठ्ठा होता. प्रत्येक पानावर हिरव्या अक्षरांत 'पास'. मी वरची पाच-सहा पानं चाळली आणि सही केली.

पावसाळ्यात तक्रारी सुरू झाल्या. ग्रंथालयाचे कॅमेरे दिवसभर नीट चालायचे आणि अंधार पडला की बंद-चालू व्हायला लागायचे. आम्ही कॅमेरा बदलला, स्विच बदलला, तरी तेच. खरं कारण असं होतं की हे कॅमेरे पीओईवर चालतात, म्हणजे वीजही नेटवर्कच्याच केबलमधून घेतात. रात्री त्यांचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि वीज जास्त लागते. केबलचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, जास्त असेल तर नेमका तेव्हाच व्होल्टेज पडतो.

हे उलगडलं ते एका तुटलेल्या तारेमुळे. ग्रंथालयातला एक जॅक पुन्हा बसवताना तार हातातच काडीसारखी मोडली. तांबं असं मोडत नाही, ते वाकतं. मी ब्लेडने तार खरवडली. वरून तांबूस, आतून पांढरी. ही सीसीए केबल: ॲल्युमिनियमची तार आणि वर तांब्याचा पातळ मुलामा. तिचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या सुमारे दीडपट असतो, आणि नेटवर्क केबलच्या मानकांत ती मुळात बसतच नाही. आवरणावर मात्र नामांकित कंपनीचं नाव छापलेलं. कंपनीला बॅच क्रमांक कळवला, तर तो त्यांचा नव्हताच.

दुसऱ्या दिवशी मल्टिमीटर घेऊन बसले. केबलच्या लांबच्या टोकाला एका जोडीच्या दोन्ही तारा एकमेकींना पिळायच्या आणि अलीकडून ओहम मोजायचे. एका तारेला 100 मीटरला जास्तीत जास्त 9.38 ओहम चालतात. ग्रंथालयाची केबल साधारण 70 मीटर, म्हणजे जाऊन-येऊन 13 च्या आसपास मर्यादा. मीटरवर 18 च्या वर आकडा दिसला. एकेक करत सगळे पॉइंट तपासले. ज्या प्रयोगशाळेत मी दोन दिवस उभी होते तिथली केबल अस्सल निघाली. उरलेल्या 81 पॉइंटना नकली. हे मला फार लागलं. त्याला बरोबर माहीत होतं की आमची नजर कुठवर आहे.

मग तो रिपोर्टचा गठ्ठा काढला आणि या वेळी पान न् पान वाचलं. 70 मीटरच्या ग्रंथालयाच्या पॉइंटपुढे लांबी 18.4 मीटर. पुढच्या नऊ पानांवर क्रॉसटॉकचे, म्हणजे एका जोडीतला सिग्नल शेजारच्या जोडीत किती झिरपतो त्याचे, आकडे दशांशापर्यंत सारखे. दोन वेगळ्या केबलींचं रीडिंग असं तंतोतंत जुळत नाही. तारखा तर आमच्या वर्कऑर्डरच्या आधीच्या! दुसऱ्याच कुठल्या तरी कामाचे रिपोर्ट, फक्त पॉइंटची नावं बदललेली. हे सगळं सहीच्या दिवशीही त्या कागदावर होतंच.

प्राचार्यांनी ठेकेदाराला नोटीस पाठवली. त्याने माणसं पाठवून कार्यालयातले 27 पॉइंट बदलून दिले, नंतर फोन उचलणं बंद केलं. पाच टक्के अनामत आमच्याकडे होती ती जप्त केली. पण उरलेले 54 पॉइंट पुन्हा ओढायला तेवढ्याने काय होतं? आणि ऑडिटरच्या दृष्टीने काम 'पूर्ण' आहे, कारण माझी सही आहे.

आता नव्या वर्कऑर्डरमध्ये मी तीन वाक्यं घातली आहेत. केबल शंभर टक्के तांब्याची हवी आणि कोणत्याही खोक्यातून आम्ही तुकडा कापून खरवडणार. टेस्टिंग आमच्या माणसासमोर होणार आणि निकाल टेस्टरच्या मूळ फाइलमध्ये हवा, पीडीएफ चालणार नाही. तोवर चाळीस टक्के रक्कम थांबणार. कुणाला हवी असतील तर हीच वाक्यं जशीच्या तशी उतरवून घ्या. खोकं उचलूनही बघा. तांब्याची घनता घन सेंटिमीटरला 8.96 ग्रॅम आणि ॲल्युमिनियमची 2.7, त्यामुळे 305 मीटरचं नकली खोकं हाताला चटकन हलकं लागतं. आमच्या शिपाई मामांनी तेव्हाच म्हटलं होतं, "या खेपेची खोकी हलकी आहेत हो." मी लक्ष दिलं नाही.

कार्यालयानंतर वसतिगृहाचे 35 पॉइंट आम्ही स्वतःच्या निधीतून बदलले. ग्रंथालयाच्या 19 पॉइंटना अजून तीच केबल आहे. अशी केबल गठ्ठ्याने बांधलेली असली आणि तिच्यातून वीज खेळत राहिली की तापते, म्हणून तिथली पीओई मी बंद केली आहे आणि कॅमेऱ्यांना वेगळी अ‍ॅडॉप्टरं लावली आहेत. तो गठ्ठा ज्या केसिंगमधून जातो, त्याच्या बरोबर खाली जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड आहेत.