मूव्हइट २ : शिक्षकांना रोबोट शिकवताना आलेला अनुभव

पावसाळ्यापासून नाशिकच्या आमच्या कॉलेजात मूव्हइट २ हे रोबोटच्या हाताने कुठल्या मार्गाने जायचं ते ठरवणारं सॉफ्टवेअर रोजच्या वापरात आहे, तेही शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी. अभ्यासक्रमात रोबोटिक्स आलं, पण ज्यांच्या वाट्याला तो विषय आला त्यांतले कुणी कालपर्यंत थर्मल शिकवत होते, कुणी मशीन ड्रॉइंग. सिन्नर, चांदवड, मालेगावहून पॉलिटेक्निकचे सर-मॅडमही येतात. सहा अक्षांचा खरा रोबोट घेणं बहुतेक कॉलेजांना परवडत नाही. हे सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्त स्रोत आहे. शिक्षक तयार करायला याच्याइतकं उपयोगी साधन माझ्या हाती दुसरं आलेलं नाही. फक्त ट्यूटोरियलच्या क्रमाने शिकवू नका, असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

ट्यूटोरियलमध्ये आरव्हिझच्या (रोबोटचं चित्र दाखवणारा प्रोग्रॅम) पडद्यावर रोबोटचा हात ओढायचा, ‘प्लॅन’ दाबायचं, रोबोट तिथे पोचतो. सगळे खूश. आम्ही मध्ये एक टेबल ठेवलं. पहिल्यांदा हात टेबलावरून गेला. काहीही न बदलता पुन्हा ‘प्लॅन’ दाबलं तर भलताच वळसा घेऊन आला. एका सरांनी लगेच विचारलं, “मॅडम, प्रश्न तोच, मग उत्तर दोनदा वेगळं कसं?”

या प्रश्नावर अख्खी दुपार दिली तरी कमीच. मागे काम करतो तो मार्ग शोधणारा अल्गोरिदम आरआरटी-कनेक्ट, कफ्नर आणि लव्हॅल यांनी २००० साली मांडलेला. सुरुवात आणि शेवट अशा दोन्ही टोकांकडून तो एकेक झाड वाढवतो, यादृच्छिक बिंदू घेत घेत दोन्ही जोडायला बघतो. हे सगळं चालतं सहा सांध्यांच्या कोनांच्या अवकाशात; तिथला एक बिंदू म्हणजे रोबोटची एक पूर्ण ठेवण. त्या अवकाशात आपल्या साध्या टेबलाचा आकार काय होतो, हे कुणी फळ्यावर काढून दाखवू शकत नाही. अल्गोरिदमही काढत बसत नाही. प्रत्येक बिंदूला एवढंच तपासतो की इथे धडक होते का. हे उमगलं की शिक्षक पुढचं स्वतः वाचून काढतात.

पण सातपूर-अंबडच्या कारखान्यात वेल्डिंगला असा रोज बदलणारा मार्ग कुणाला चालेल? तिथे ऑपरेटर टीच पेंडंटवर (रोबोट चालवायचं हातातलं यंत्र) पॉइंट शिकवतो आणि हालचाल ठरलेली असते : पीटीपी (एका बिंदूवरून दुसऱ्यावर), लिन (सरळ रेषेत), सर्क (वर्तुळाच्या कमानीत). कुका कंपनीच्या रोबोटच्या प्रोग्रॅममध्ये हेच शब्द, एबीबी कंपनीच्या रोबोटमध्ये मूव्हजे, मूव्हएल, मूव्हसी. मूव्हइटमधला पिल्झ प्लॅनर (मार्ग आखणारा भाग) नेमक्या याच तीन हालचाली देतो. म्हणून आता आम्ही सुरुवात पिल्झने करतो, आरआरटी नंतर. वाटेत टेबल आलं तर पिल्झ वळसा शोधत नाही, सरळ नकार देतो. मग वळसा शोधणारा आरआरटीसारखा प्लॅनर कशाला हवा हे वेगळं सांगावं लागत नाही.

मला सगळ्यात आवडलेला प्रयोग सिंग्युलॅरिटीचा, म्हणजे रोबोट अडचणीत येतो त्या ठेवणीचा. पाचवा अक्ष शून्यावर आला की चौथा आणि सहावा एका रेषेत येतात. तिथून लिनने सरळ रेषा मागा : टूल जेमतेम सरकायचं असतं, पण त्या दोन सांध्यांना क्षणात मोठी गिरकी मारावी लागते, वेगमर्यादा ओलांडली जाते आणि प्लॅन फसतो. वर्षानुवर्षं फळ्यावर याच ठेवणीसाठी ‘जेकोबियनचा (सांध्यांचे वेग आणि टूलचा वेग जोडणारी सारणी) डिटर्मिनंट शून्य’ असं लिहिणाऱ्या एक मॅडम सांध्यांच्या वेगाचा आलेख बघून खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेल्या.

त्रासही आहे. तयार पॅकेज बसवणं सोपं. सोर्सवरून कंपाइल करायचं तर आठ जीबीचं मशीन गोठतं, एका वेळी एकच काम चालेल असं बंधन घालावं लागतं. इंटरनेटवर शोधताना जुन्या रॉस १ ची (मूव्हइट ज्यावर चालतं त्या रॉस या रोबोट सॉफ्टवेअरची आधीची पिढी) पानं अजून समोर येतात आणि नवखा माणूस तिथेच अडकतो. टूल हव्या त्या जागी नेण्यासाठी सांध्यांचे कोन काढणारा केडीएल सॉल्व्हर सांध्यांच्या मर्यादेजवळ उत्तर असूनही कधी कधी ‘नाही’ म्हणतो; त्याच कामाचा दुसरा सॉल्व्हर ट्रॅक-आयके लावून बघा. रोबोट फार हळू वाटला तर घाबरू नका, वेग मुळातच दहा टक्क्यांवर ठेवलेला असतो.

पेंडंटची सवय मात्र पडद्यावर लागत नाही. त्यावरचा एनेबलिंग स्विच (तो दाबून धरला तरच रोबोट हलतो) अर्धा दाबून धरायचा, घट्ट आवळला तरी रोबोट थांबतो, हे हातालाच कळावं लागतं. त्यासाठी एक दिवस कारखान्यात न्याच.

आम्ही उबंटू २२.०४ वर रॉस २ ची हंबल आवृत्ती वापरतो. त्याचा आधार मे २०२७ पर्यंतच आहे. नव्याने लॅब उभारत असाल तर उबंटू २४.०४ वर थेट पुढची जॅझी आवृत्ती घ्या, ते मे २०२९ पर्यंत चालेल.